देवडीवरचा श्रीमंत भालदार

कमोडोर ६४ हा १९८२ साली बाजारात आलेला घरगुती संगणक आपल्या जॉयस्टिककडून, म्हणजे खेळातले पात्र हलवण्यासाठी हाती धरायच्या दांड्याकडून, केवळ पाच गोष्टींची विचारपूस करतो: दांडा वर गेला का, खाली गेला का, डावीकडे का, उजवीकडे का, आणि गोळी झाडायचे बटण दाबलेले आहे का. बटण किती जोराने दाबले, दांडा किती अंशांत कलला, खेळणाऱ्याचा हात थरथरत होता का, असल्या चौकश्या तो करीत नाही. ही मितभाषी रीत १९७७ च्या अटारी व्हीसीएस या खेळयंत्राने रूढ केली. तिच्यात नऊ पिनांच्या जोडणीतल्या पाच तारा पाच साध्या कळांपर्यंत जातात आणि कळ दाबली की तिची तार ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, टेकते. यापलीकडे त्या जॉयस्टिकच्या पोटात फारसे काही नसते, आणि त्यामुळेच माळ्यावर कित्येक वर्षे धूळ खात पडलेला दांडा, आतले पत्रे गंजलेले नसतील तर, कुणाकडेही चार्जर न मागता कामाला लागतो.

या यंत्राला अलीकडे हौशी मंडळी बिनतारी कंट्रोलर जोडू लागली आहेत. उदाहरणादाखल सोनीचा २०२० सालचा ड्युअलसेन्स घेतला, तर त्याच्या अंगावर दोन ॲनालॉग दांडे, डझनाहून अधिक बटणे, स्पर्शपट्टी, ध्वनिग्राहक, ध्वनिक्षेपक आणि हातातला कल ओळखणारा जायरोस्कोप आहे. शिवाय बोटाखालचा खटका प्रसंगानुरूप कडक करण्याची सोयही आहे. एवढा सरंजाम घेऊन तो कमोडोरच्या दारात उभा राहिला, तरी कमोडोर मात्र पुन्हा तेच पाच प्रश्न विचारतो.

शिवाय कमोडोरला ब्लूटूथ, म्हणजे जवळच्या अंतरावर रेडिओलहरींनी संदेश देण्याची पद्धत, ठाऊक नसल्यामुळे दोघांमध्ये एक मध्यस्थ अपरिहार्य ठरतो. रिकार्डो केसादा यांचा युनिजॉयस्टिकल हा असाच एक अडॅप्टर असून त्यात ईएसपी३२ नावाचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपेत प्रोसेसर, स्मृती आणि जोडण्या सामावलेला छोटेखानी संगणक, बसवलेला असतो. विनोदाचे खरे बीज या चिपेत आहे. कमोडोरचा प्रोसेसर साधारण एक मेगाहर्ट्झ गतीने चालतो, तर ईएसपी३२ चे दोन गाभे प्रत्येकी २४० मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकतात. कमोडोरची स्मृती ६४ किलोबाइट, तर या मध्यस्थाची ५२०. वाड्याचा धनी पडक्या सोप्यात बसलेला आणि देवडीवरचा भालदार मात्र त्याच्या कैक पटींनी धनवान, असा हा संसार आहे. त्या भालदाराचे काम तरी काय, तर आलेल्या पाहुण्याची सारी बिरुदे ऐकून घ्यायची, त्यांतली बहुतेक विसरायची आणि आत फक्त ‘डावीकडे’ एवढेच कळवायचे.

विसरण्याचे हे काम वाटते तितके सोपे नाही. ॲनालॉग दांडा आपली जागा आकड्यांच्या सलग श्रेणीत सांगतो, तर कमोडोरला हवे असते ‘होय’ किंवा ‘नाही’. म्हणून दांडा कितपत कलल्यावर त्याला ‘डावीकडे’ म्हणायचे याची मर्यादा अडॅप्टरला ठरवावी लागते, आणि ती चुकली तर सरळ धावणारा नायक मध्येच तिरपा उडी मारून खड्ड्यात पडतो. उडी मारण्यासाठी दांडा वर ढकलायचा, हा एकाच बटणाच्या गरिबीतून जन्मलेला संकेत. अडॅप्टर कंट्रोलरचे दुसरे एखादे बटण ‘वर’ या दिशेला नेमून देऊ शकतो आणि या सर्व खटाटोपातली निःसंशय उपकारक गोष्ट हीच मानावी लागेल. बिनतारीपणामुळे विलंब होतो ही तक्रार मात्र बरीचशी फुगवलेली असते, कारण युरोपीय कमोडोरचा पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो, पुष्कळ खेळ दर रंगण्याला एकदाच जॉयस्टिककडे पाहतात, आणि त्या वीस मिलिसेकंदांत मध्यस्थाचे बरेचसे गुन्हे झाकले जातात.

‘द ॲक्टिव्हिजन डेकॅथलॉन’सारख्या खेळांपुढे मात्र बिनतारी कंट्रोलरने विनम्रपणे माघार घ्यावी हेच इष्ट. तिथे धावण्याची शर्यत जिंकण्यासाठी दांडा डावीकडे-उजवीकडे जिवाच्या आकांताने हलवायचा असतो, आणि या व्यायामात त्या काळच्या पुष्कळ जॉयस्टिकांनी देह ठेवला. स्वस्त दांड्याला जे वीरमरण शोभते ते महागड्या ॲनालॉग दांड्याला परवडत नाही.

सगळीच जुनी यंत्रे कमोडोरइतकी सोशिक नसतात. ॲमस्ट्रॅडने १९८६ मध्ये काढलेल्या स्पेक्ट्रम +२ ला नऊ पिनांचीच जोडणी होती, पण आतल्या तारा मुद्दाम वेगळ्या क्रमाने लावल्या होत्या, जेणेकरून ग्राहकाने कंपनीचीच जॉयस्टिक विकत घ्यावी. याउलट १९८४ पासून ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून भारतीय शाळांत पोचलेल्या बीबीसी मायक्रोला पंधरा पिनांची ॲनालॉग जोडणी होती. दांडा किती कलला हे विचारण्याची शिष्टता त्याच्या अंगी होती, म्हणजे आजच्या कंट्रोलरचा खरा सोयरा शाळेत आला होता, फक्त खेळायला नव्हे.

आता उरला कळफलक. सोफ्यावर रेलून खेळावे म्हणून तार तोडली, तरी पुष्कळ खेळ सुरू होण्यापूर्वी कळफलकावरची एखादी कळ मागतात आणि खेळाडूला उठून यंत्रापर्यंत जावे लागते. या अडचणीवर कमोडोरच्या एका जुन्या वैगुण्याने अनपेक्षित तोडगा दिला आहे. त्याच्या पहिल्या जॉयस्टिक पोर्टाच्या तारा कळफलकाच्याच तारांशी सामाईक असल्याने तिथे दांडा हलवला की पडद्यावर भलतीच अक्षरे उमटतात, आणि याच कारणाने बहुतेक एकट्याने खेळायचे खेळ दुसरे पोर्ट वापरतात. परंतु त्याच सामाईक तारांमुळे पहिल्या पोर्टातले गोळीचे बटण दाबणे म्हणजे स्पेसबार दाबणे होय. त्यामुळे ‘स्पेस दाबा’ म्हणणाऱ्या खेळाला सोफ्यावरूनच उत्तर देता येते. ‘एफ-वन दाबा’ म्हणणाऱ्यासाठी मात्र अजूनही उठावे लागते.