रा. रा. घोरणेसाहेब यांस

मु. पो. घसा, जिभेच्या मुळामागे.

सा. न. वि. वि.

‘दमलाय बिचारा, बघा कसा गाढ झोपलाय!’ असे प्रशस्तिपत्र आपल्याला घरोघरी मिळते. लग्नाच्या हॉलवर काकांची गादी आपल्यामुळे कोपऱ्यात ढकलतात, कुंभकर्णाचे नाव घेऊन सगळे हसतात आणि आपण नामानिराळे राहता.

आमची तक्रार आवाजाची नाही. आपण मधेच गप्प होता, त्याची आहे. (आपल्या कुळातले सगळेच असे करत नाहीत, हे मान्य.) घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद, कधी अर्धे मिनिट छाती धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, नाडी आणि रक्तदाब उसळतात, मग माणूस धाप टाकत अर्धवट जागा होतो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. साक्षीदारच झोपेत! हे तासाला ५ वेळा झाले की डॉक्टर त्याला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात, ३० वेळा म्हणजे तीव्र. दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर.

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दहा ते वीस टक्के उतरतो. हृदयाची ती हक्काची रजा आपण नामंजूर करता. मग बीपीची एक गोळी, दोन, तीन. तिसरीलाही दाब जुमानत नाही तेव्हा पहिला संशय आपल्यावर यायला हवा; तो जातो सुनेच्या हातच्या मिठावर. मीठ निर्दोष आहे असे नाही, पण आपला वाटाही तिच्याच माथी?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली सांगितले की उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्यांत ४० ते ८० टक्क्यांपर्यंत लोकांना स्लीप ॲप्निया आढळतो, आणि तो बहुधा निदानावाचून राहतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हाही डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले. चार दिवस चर्चा झाली, मग घरोघर पुन्हा आपलीच मैफल.

आपल्या वकिलाच्या हाती एक मुद्दा आम्हीच देतो. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र पुढे आणले. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत त्याने हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. खरे आहे. पण त्यातले लोक मास्क रात्रीचे सरासरी साडेतीन तासही लावत नव्हते, हेही वकिलांनी वाचून दाखवावे. बीपी मात्र या यंत्राने थोडे उतरते, आणि औषधांना न जुमानणारे जास्त.

क. लो. अ.

ता. क. (वाचकांसाठी) : बीपी दाखवायला जाल तेव्हा रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या आणि डॉक्टरांपुढे आधी त्याला बोलू द्या. झोपेची तपासणी आता घरच्या अंथरुणातही होते.