मूळपुरुषाचा शोध : इच्छुकांस काही सूचना

भंडारा जिल्ह्यात आपल्या मूळपुरुषाचा शोध घेऊ इच्छिणाऱ्याने तो पुरुष कोण असावा हे प्रथम निश्चित करावे आणि नंतरच शोधास आरंभ करावा. हा क्रम उलटा केल्यास हाती भलताच मनुष्य लागण्याचा संभव असतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार कुटुंबांस ही अडचण सहसा पडत नाही. आपले पूर्वज माळव्यातील धारानगरीहून निघाले, रामटेकजवळच्या नगरधनास विसावले, आणि चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत पराक्रम केल्याबद्दल त्यांस या खोऱ्यातील पडीक जमिनी मिळाल्या, ही हकीकत घरोघरी मुखोद्गत असते; आणि रसेल व रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवरील आपल्या चार खंडी ग्रंथात तीच नमूद करून ठेवल्यामुळे, पणजोबांनी साहेबास सांगितलेली गोष्ट आज पणतूला साहेबाचा पुरावा म्हणून दाखवता येते. त्या स्वारीत घोड्यांना खरारा करणारे, दाणावैरण वाहणारे असे कोणी असलेच पाहिजेत. परंतु त्यांचा वंश चालला नसावा, कारण त्यांचा वारस म्हणून आजवर कोणी पुढे आलेला नाही.

शोधास उत्तम काळ म्हणजे बारावीचा निकाल लागल्यानंतरचा. एरवी आजोबांचे नाव सांगताना अडखळणारा गृहस्थ, चिरंजीवांच्या प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे आणि त्यासाठी इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा दस्तऐवज लागतो असे कळताच, खापरपणजोबांविषयी अशा काही व्याकुळतेने चौकशी करू लागतो की ते गृहस्थ हयात असते तर संकोचले असते. धारचा रणधुरंधर या प्रसंगी मुळीच उपयोगाचा नाही. येथे तांदूळ पिकवून तापाने मेलेला, पण मेल्याची नोंद झालेला, असा सामान्य मनुष्य पाहिजे.

तो कोतवाल बुकात सापडतो. मध्यप्रांतात गावच्या कोतवालाने जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर द्यावी आणि तेथील मुहर्रिराने ती लिहून घ्यावी, अशी वहिवाट होती. हा कोतवाल बहुधा महार असे आणि त्याला बहुधा लिहिता येत नसे. ज्याच्या हातचे पाणी गावात चालत नसे, त्याने उभ्या उभ्या सांगितलेला शब्द ‘जात’ या रकान्यात उतरला आणि आज त्याच शब्दाच्या साक्षांकित नकलेवाचून गावच्या पाटलाच्या नातवाची जात सिद्ध होत नाही. या गोष्टीचा विचार नकलेच्या रांगेत उभे असताना करावा, वेळ बरा जातो. बुक उघडल्यावर मात्र धीर सोडू नये. आडनाव बहुधा नसते. नवजात बालकाचे बारसे व्हायचे असल्याने ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, आणि बापाचे नाव गावातल्या निम्म्या बापांचे असते. मृत्यूचे कारण ताप. १९०० च्या दुष्काळात ताप, १९१८ च्या साथीतही ताप.

नावसाधर्म्याचा धोका केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील आयरिश वंशाचे लोक या विद्येत फार पुढे गेलेले आहेत. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील ठाणे १ जानेवारी १८९२ रोजी उघडले तेव्हा तेथून पहिली आत आलेली ॲनी मूर ही कॉर्क परगण्यातील मुलगी पुढे टेक्सासात जाऊन ट्रामखाली सापडून वारली, असे तेथील जाणते लोक अनेक वर्षे मानीत. २००६ साली निष्पन्न झाले की टेक्सासची ॲनी मूर अमेरिकेतच जन्मलेली होती आणि खरी ॲनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत संसार करून तेथेच निवर्तली होती. या लोकांची दुसरी अडचण अशी, की १९२२ च्या यादवीत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीच्या याद्या बव्हंशी भस्मसात झाल्या. आपल्याकडे वाळवी असल्यामुळे यादवीची गरज भासत नाही.

दप्तर कोठे पाहावे, हाही प्रश्न आहेच. मूळपुरुषाने हयातीत एकदाच स्थलांतर केले. त्यानंतर तो बांधीत चिखलणी करीत जागेवरच राहिला आणि राज्ये मात्र त्याच्या व त्याच्या वंशजांच्या अंगावरून हिंडली. नागपूरकर भोसले, १८६१ पासून मध्यप्रांत, पुढे मध्यप्रदेश, १९५६ साली द्विभाषिक मुंबई, १९६० साली महाराष्ट्र, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाल्यावर कित्येकांचा भंडाराही गेला. सबब प्रत्येक कचेरी दुसऱ्या कचेरीकडे बोट दाखवील. ते प्रामाणिक मतभेद समजावेत.

घरातील आजीस विचारण्यापूर्वी पुरेशी सवड काढावी. पुरुषांविषयी ती फारसे सांगणार नाही. परंतु कोणती सून कोणत्या गावची, कोणाचे कूर, म्हणजे कुळी, कोणते आणि कोणत्या लग्नात वरपक्ष रुसून बसला, याची तिची मिसल कोणत्याही बंदोबस्त अधिकाऱ्याला लाजवील. जातपडताळणी समिती ही माहिती विचारात घेत नाही, कारण वंशावळ पित्याकडूनच चालते. तरी उतरून घ्यावी.

शेवटची तजवीज नाजूक आहे. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करताना पितृकुळातील ज्याला वैधता आधीच मिळालेली आहे त्याचे प्रमाणपत्र जोडल्यास काम सुकर होते; आणि असा आप्त पाहू गेल्यास तो नेमका तोच चुलतभाऊ निघतो, ज्याच्याशी धुऱ्यावरून आणि बोडीच्या पाण्यावरून आपला दावा दिवाणी न्यायालयात चालू आहे. त्याच्याकडे सायंकाळी, जेवणाच्या सुमारास जावे. दाव्याचा विषय काढू नये. धारचा विषय काढावा. तेथे दोघांचाही पूर्वज एकच, आणि तो घोड्यावर बसलेला असतो. झेरॉक्स हाती पडल्यावर पुढच्या तारखेस वकिलासह हजर राहावे.