आखणीबहाद्दर

आमचे अण्णा 'सहलीला चला' असं कधी म्हणत नाहीत. ते थेट वेळापत्रक वाटतात. यंदाचं वेळापत्रक क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्याचं होतं. सात दिवस, झादर ते दुब्रॉव्हनिक, भाड्याची मोटार, प्रवासी चार. त्या चारांत आपणही आहोत हे मला आणि आमच्या भाच्याला, म्हणजे बंड्याला, तो कागद वाचूनच कळलं. प्रस्थान, आगमन आणि शेरा असे तीन रकाने होते. पहिल्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं होतं : 'प्रवाशांनी झोपू नये.'

अण्णा एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. हजारो गाड्या सोडल्या, चालवली एकही नाही. निवृत्तीच्या दिवशी शिट्टी आणि माईक आगारात जमा झाले, पण सवय घरी आली. तेव्हापासून घरातून कुणी भाजी आणायला निघालं तरी परतीची वेळ विचारली जाते आणि उशीर झाला तर कारण नोंदवलं जातं. अशी माणसं प्रत्येक घराण्यात एकेक असतात. लग्नात किती पंगती उठतील, कोणत्या मामाला कोण आणायला जाईल, हे त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर असतं. लोक त्यांना हसतात आणि जेवायची वेळ झाली की त्यांनाच शोधतात.

दिशा ठरवायलाच पंधरवडा गेला. विमान स्वस्त पडत असल्यामुळे बंड्याला दुब्रॉव्हनिकहून सुरुवात करायची होती. अण्णांनी नकाशा पसरला. "तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. उत्तरेकडून दक्षिणेला निघालं की समुद्रही उजव्या हाताला. म्हणजे थांबायचं असलं तर समोरची रहदारी न कापता कडेला घेता येतं. उलट्या दिशेने गेलास तर प्रत्येक फोटोसाठी रस्ता ओलांड!" किनाऱ्याचा हा जुना महामार्ग, यादरान्स्का मागिस्त्राला, डोंगर आणि पाणी यांच्यामधून वळणं घेत जातो. आतल्या बाजूने टोलचा झकास मोटरवे आहे, ताशी 130 किलोमीटरची मर्यादा असलेला. अण्णांच्या भाषेत तो मार्ग 'विनाथांबा' आणि हा 'साधी गाडी'. आम्ही साध्या गाडीने जाणार हे नक्की झालं.

मग चालकाचं प्रशिक्षण. बंड्याचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून आला होता, पण स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला, याची सवय नव्हती. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचं भाडं जास्त, म्हणून अण्णांनी जेवणाच्या टेबलाजवळ चार खुर्च्या मांडल्या. बंड्या डावीकडे, त्याच्या उजव्या हातात लाटणं, मागे अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी. अण्णा वाहक. त्यांनी टेबलावर दोनदा टकटक केलं की गाडी सुटायची, एकदा केलं की थांबायची. स्वयंपाकघराच्या दाराशी चौक होता. तिथे बंड्याने पहिल्याच दिवशी डावीकडची बाजू धरली आणि वहिनींच्या मते फ्रिजला धडक दिली.

खाण्याच्या तपासणीत घरात तणाव झाला. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. अण्णांनी वहिनींची पिशवी उघडून बाकरवडी पास केली, पेढे नापास केले आणि साजूक तुपातल्या लाडवांवर सुनावणी ठेवली. लाडू शेवटी घरातच संपले. त्यातले निम्मे निकाल देणाऱ्यानेच खाल्ले.

वेळापत्रकातल्या एकेका ओळीमागे अण्णांचा अभ्यास होता. झादरच्या धक्क्यावर पायऱ्यांखाली 35 नळ्या बसवलेल्या आहेत. लाटांनी त्यांत हवा ढकलली जाते आणि पायऱ्या गातात. निकोला बाशिच या वास्तुरचनाकाराचं हे समुद्रवाद्य 2005 पासून वाजतं आहे. बोट जवळून गेली की लाटा वाढतात, म्हणून अण्णांनी बोटींच्या वेळा मिळवून आमची वेळ त्यांना जुळवली होती. क्रका नदीच्या धबधब्याखाली लोक डुंबत असल्याचा व्हिडिओ बंड्याने दाखवला, तेव्हा अण्णांनी चष्मा वर केला : "जुना आहे. 2021 पासून तिथे पोहायला बंदी. पोहण्याचा पोशाख खाली ठेव."

स्प्लिटला मात्र ते हळवे झाले. रोमचा सम्राट डायोक्लेशन इसवी सन 305 मध्ये आपण होऊन पायउतार झाला आणि इथे बांधलेल्या महालात राहायला आला. आज त्या महालाच्या भिंतींच्या आत लोकांची घरं, दुकानं, वाळत घातलेले कपडे सगळं आहे. निवृत्त माणसाने निवृत्त माणसाला भेटावं तसं अण्णांनी तिथे चक्क पूर्ण दिवस दिला होता. पुन्हा गादीवर या म्हणून लोक विनवायला आले, तेव्हा सम्राटाने स्वतः लावलेल्या कोबीचं कौतुक सांगितलं, अशी गोष्ट आहे. ती ऐकून वहिनी म्हणाल्या, "बघा! निवृत्त झाल्यावर तो कोबी लावायचा. तुम्ही आम्हाला कामाला लावता."

अण्णांची खरी उंची कळली ती नेउममुळे. स्प्लिटहून दुब्रॉव्हनिककडे जाताना क्रोएशियाचा किनारा मध्येच तुटतो आणि सुमारे 20 किलोमीटर बोस्नियाचा होतो. व्हेनिसचं सैन्य आपल्या हद्दीला भिडू नये म्हणून दुब्रॉव्हनिकच्या प्रजासत्ताकाने 1699 च्या तहाच्या वेळी ही पट्टी तुर्कांकडे जाऊ दिली, तिची ही शिल्लक. त्या पट्टीतलं गाव नेउम. तिथे हॉटेलं स्वस्त, म्हणून बंड्याने अण्णांना न विचारता एका रात्रीची खोली घेतली आणि मोठ्या ऐटीत पावती दाखवली.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी बंड्याचा पासपोर्ट मागवला आणि व्हिसावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "प्रवेश किती?"

"एक."

"क्रोएशिया 1 जानेवारी 2023 ला शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात, आला. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. तू नेउमला गेलास की तुझा एक प्रवेश संपला. दुब्रॉव्हनिकला परत कसा येणार? पोहत?"

नेउम टाळण्यासाठीच 26 जुलै 2022 ला पेल्येशाचचा पूल सुरू झाला. 2404 मीटरचा हा पूल समुद्रावरून क्रोएशियातूनच क्रोएशियात नेतो. अण्णांच्या कागदावर तो आधीपासून होता. शेऱ्यात लिहिलं होतं : 'येथून. अन्य मार्ग नाही.' खोली रद्द झाली, आणि बंड्या निघेपर्यंत अण्णांना 'मामा' ऐवजी 'मामासाहेब' म्हणत होता.

प्रत्यक्ष सहल सांगण्यासारखी नाही, कारण ती कागदाप्रमाणे झाली. समुद्राच्या बाजूची खिडकी वाहक म्हणून अण्णांनी घेतली आणि ते कागदाकडे पाहत राहिले. "अहो, समुद्र बघा की," वहिनी मागून म्हणायच्या. "तो आहे जागेवर," अण्णांचं उत्तर, आणि डॅशबोर्डवर टकटक. माकार्स्काला, बियोकोव्हो डोंगराच्या पायथ्याशी, दुपारी 3 ते 5 'मनसोक्त भटकणे' असं छापलेलं होतं. आम्ही गोट्यांच्या किनाऱ्यावर बसलो. काय करायचं ते कुणालाच सुचेना. सव्वाचारला अण्णांनी विचारलं, "झालं का भटकून?"

शेवटच्या दिवशी दुब्रॉव्हनिकच्या तटावर चढलो. जवळजवळ दोन किलोमीटरचा हा तट गावाला वेढा घालतो. खाली लाल कौलं, पलीकडे निळंशार पाणी. वहिनी बघत उभ्या राहिल्या, बंड्या फोटो काढू लागला. अण्णांनी आग्नेयेकडे बोट दाखवून मला विचारलं, "तिकडे मॉन्टेनेग्रो. पुढे आल्बेनिया. कोतोरच्या आखाताला वळसा घालायला किती वेळ लागतो, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं.

घरात असा माणूस एक असावा. दोन असले तर घर चालणार नाही, आणि एकही नसला तर घर अलिबागच्या पुढे जाणार नाही. तुमच्याकडे असेल तर त्याला खुशाल हसा. पण त्याच्या यादीत तुमच्या नावापुढे जे काम लिहिलेलं आहे, ते वेळेत करा, आणि खोली घेण्याआधी त्याला विचारा.