खुनी सापडेल हो, आधी शेंगा सोला

पहूरमध्ये गुप्तहेराचं दुकान चालणार नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारी एस.टी. इथे थांबते, जामनेर-पाचोऱ्याचे रस्ते इथेच फुटतात. चारही दिशांच्या बातम्या स्टँडवर उतरतात आणि कटिंग संपायच्या आत पेठेतून कसब्यात पोचतात. कोणाकडे पाहुणे आले, ते मुलगी बघायला आले की जुना ट्रॅक्टर, हे यजमानाआधी शेजाऱ्याला ठाऊक असतं. तिथे हेराने हेरायचं काय? बाहेरून आलेला माणूसही या पट्ट्यात पुरावा स्वतःच ठेवून जातो. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी २८ एप्रिल १८१९ ला अजिंठ्यात शिरला, तो दहाव्या लेण्यात आपलं नाव तारखेसकट कोरून गेला. 'सीआयडी'तल्या एसीपी प्रद्युम्नना त्या केसमध्ये दोन बोटं फिरवायलासुद्धा वेळ मिळाला नसता.

तेव्हा रहस्याची भूक आम्हाला टीव्हीवरच भागवावी लागते. या विषयातला जाणकार म्हणून नातेवाइकांत माझं थोडं नाव आहे. पुण्याचा भाचा फोन करतो, "मामा, सगळ्यांनी मिळून बघता येईल असं काहीतरी सुचवा. खून चालेल, पण हलकाफुलका." त्याला काय म्हणायचंय ते मला बरोबर कळतं. हल्ली जे गाजतं त्यात सतत पाऊस पडत असतो, पोलीस घटस्फोटित असतो आणि आठ भाग झाले तरी कोणी दिवा लावत नाही. आमच्याकडे मालिकेची कसोटी साधी आहे: ताटं वाढेपर्यंत प्रेत सापडलं पाहिजे, हात धुवायच्या आत खुनी सापडला पाहिजे, आणि मध्ये ठेचा मागायला सवड मिळाली पाहिजे.

माझी यादी 'करमचंद'पासून सुरू होते. १९८५, दूरदर्शन. पंकज कपूर गाजर खात खात खुनी पकडायचा आणि आपल्या सहायक किटीला गप्प करायचा. मग १९९३ चा 'व्योमकेश बक्षी'. बासू चटर्जींनी काढलेला, रजित कपूरने केलेला. धोतर नेसणारा हा माणूस स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. त्यात धावपळ नाही, पिस्तुलं फारशी नाहीत, चहा भरपूर. आमच्याकडे नेमकी शेवटच्या पाच मिनिटांत लाईट जायची. पाचोऱ्याची मात्र असायची. मग दुसऱ्या दिवशी पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर छोटी गाडी, आली की उतरणाऱ्यांकडून खुनी कोण ते कळायचं. पीजे इतक्या आस्ते चालायची की खुनी तिच्यातून पळाला असता तर व्योमकेशने पायी गाठून पुढच्या स्टेशनावर त्याची वाट पाहिली असती. २०२० पासून ती गाडी बंद आहे. आता शेवट मोबाईलवर आधीच फुटतो, त्यात मजा नाही.

'सीआयडी' १९९८ ला आली आणि मुक्कामालाच राहिली. तिच्याबद्दल माझी एकच तक्रार आहे. दयाने कधीतरी खानदेशातला जुना सागवानी दरवाजा तोडून दाखवावा. लोखंडी फुल्यांचा, आतून आडणा घातलेला. खांदा उतरेल, अभिजीतला तेल गरम करावं लागेल. शिवाय आमच्याकडे धाब्याला धाबं लागून. आरोपी तोवर चार घरं ओलांडून कोणाच्या तरी वाळत घातलेल्या बिबड्या तुडवून गेलेला असेल, आणि त्या बिबड्यांच्या मालकिणीच्या हातून सुटणं पोलिसांच्या हातून सुटण्याइतकं सोपं नाही.

पण यादी मी करतो, निकाल जिजी देते. जिजी म्हणजे माझी आई. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा, नजर सोलण्यावर, तरी खुनी पहिल्यांदा तिलाच सापडतो. एका मालिकेत कोणी संशयित सांगत होता, रात्रभर शेतात पाणी भरत होतो. जिजीने मान वर न करता म्हटलं, "पानी भरलं म्हन्तो अन् चप्पल कोरी? त्यानंच मारलं." पाऊण तासाने इन्स्पेक्टर तिथेच पोचला, चप्पल मात्र त्याला शेवटपर्यंत दिसली नाही.

इंग्रजी मालिका मी तिला भाषांतर करत दाखवतो. डेव्हिड सुशेचा पॉयरो (१९८९ ते २०१३, सत्तर भाग) तिला फारसा रुचला नाही. शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून तो तासभर बोलतो, "इतके लोकं बसवले अन् चहाचं इचारत नही." जोन हिक्सनची मिस मार्पल मात्र फार आवडली. हिक्सनबाई १९८४ मध्ये पहिल्यांदा त्या भूमिकेत आल्या तेव्हा सत्तरीच्या पुढच्या होत्या. मिस मार्पल विणता विणता खुनी ओळखते, आणि ओळखते ती त्याच्यासारखा माणूस आपल्या खेड्यात पाहिलेला असतो म्हणून. जिजी म्हणाली, "हे काही नवीन नही," आणि पुढचा भाग लाव म्हणाली. माझ्या मते यापेक्षा मोठी समीक्षा नाही.

सगळ्यात वर आहे 'कोलंबो'. यात खून कोणी केला ते पहिल्यांदाच दाखवून टाकतात, म्हणजे शेवट फुटायची भीती नाही, आणि मध्येच उठून गाईला चारा टाकून आलं तरी काही चुकत नाही. पीटर फॉक चुरगळलेला रेनकोट घालून येतो, भलतंसलतं विचारतो, निघतो, आणि खुन्याने सुटकेचा श्वास सोडला की दारातून वळून आणखी एक शंका काढतो. बोलता बोलता बायकोचा विषय सारखा काढतो, पण ती कधी दिसत नाही. पाचव्या-सहाव्या भागाला जिजी वैतागली. "त्याची बायको कामून दाखवत नही? आधी तिचा तपास करा म्हना."

मी तिला सांगितलं, की ही शंका अमेरिकेतही आली होती. १९७९ मध्ये त्या बायकोवरच वेगळी मालिका काढली, केट मलग्रूला घेऊन. ती काही फार चालली नाही.

"मंग? काय करे ती?"

"वर्तमानपत्रात काम करते. आणि खुनांचा तपास लावते."

"तीबी?" जिजीने सूप खाली ठेवलं. "मंग त्याच्या कोटाले इस्तरी कोन करीन?"