वाटेतली कला
डिसेंबरात मुंबईचे कलारसिक पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवाला निघतात. लोककलेचं समकालीन पुनर्वाचन पाहायचं असतं ना! इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी मंदावते, तेवढंच सिंधुदुर्गदर्शन. त्याच दिवसांत आसपासच्या गावांत जत्रा भरतात आणि रात्रभर दशावतार रंगतो. लिखित संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे सुचतात. शहरात याचीच फी भरून कार्यशाळा करतात. पुरुष नट लुगडं नेसून द्रौपदी होतो. यावर तिकडे परिसंवाद झाला असता. सावंतवाडीच्या राजवाड्यात 120 पत्त्यांची दशावतारी गंजिफा हातानं रंगवतात. पण ही सगळी कला ‘वाटेत’ पडते, म्हणून पाहायची राहते. जत्रेतल्या खाजेवाल्याला इलाज ठाऊक आहे : “दशावतारातल्या संकासुराक तिकीट लावा, मगे बघा कशे येतत ते!”