श्रीमान क्वेंटिन हॅप्सबर्ग यांस अनावृत पत्र

तैलकुलावतंस श्रीमान क्वेंटिन हॅप्सबर्ग यांसी,

सा. न. वि. वि.

डेव्हिड झकर दिग्दर्शित 'द नेकेड गन टू अँड अ हाफ' या १९९१ च्या चित्रपटात, राष्ट्राला ऊर्जाधोरण सुचवणाऱ्या डॉ. माइनहायमर या चाकाच्या खुर्चीतील शास्त्रज्ञास आपण पळवलेत, त्यांच्या जागी हुबेहूब तोतया बसवलात, आणि नितंबावरील एका जन्मखुणेने सारे बिंग फुटून, खिडकीतून पडूनही बचावलेले आपण अखेर सिंहाच्या तोंडी गेलात, हे पाहून आम्हांस जो खेद झाला तो आपल्या निधनाचा नसून आपल्या उधळपट्टीचा आहे. पेशवाईतल्या भाऊसाहेबांच्या तोतयास निदान दौलतीचा मोह होता. आपल्या तोतयाने साधायचे काय, तर एक अहवाल वाचायचा!

महाशय, तज्ज्ञाच्या अहवालास इतके कोण भिते? चित्रपट जूनअखेर झळकला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, आखातात युद्ध पेटले असता आणि एक्सॉन वाल्डेझ जहाजाच्या तेलाने अलास्काचा किनारा काळवंडून पुरती दोन वर्षेही लोटली नसता, बुश सरकारने आपले राष्ट्रीय ऊर्जाधोरण राजरोस जाहीर केले व त्यात अलास्कातल्याच वन्यजीव अभयारण्यात तेलविहिरी खोदण्याची तजवीज सुचवली. ती नोव्हेंबरात सिनेटने अडवली, ही गोष्ट निराळी. परंतु तिच्यासाठी एकाही शास्त्रज्ञाचे अपहरण करावे लागले नव्हते.

चित्रपटकर्त्यांनी मात्र सारा दोष आपल्या एकट्याच्या पदरी घातला. कोळसा, तेल आणि अणुशक्ती यांच्या मंडळांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवताच धूर निघतो, तेल सांडते आणि स्फोट होतो, हा विनोद फक्कडच. पण राष्ट्राध्यक्ष तेथे केवळ सालस यजमान आहेत, शास्त्रज्ञ जे सांगेल त्यावर मोर्तब करण्यास उत्सुक. त्यांच्या पत्नीस दारे आपटतात, धोरणास मात्र ओरखडाही उठत नाही. टवाळखोर म्हणवणाऱ्या चित्रपटाने सरकारची याहून मोठी खुशामत ती कोणती करावी?

खरे राजकारण आरंभीच्या मेजवानीत आहे. लॉस एंजेलिसचे लेफ्टनंट फ्रँक ड्रेबिन यांचा, हजारावा मादकद्रव्य-विक्रेता ठार केल्याबद्दल, खुद्द व्हाइट हाउसमध्ये गौरव होतो, आणि शेवटचे काही आपल्या मोटारीखाली चुकून आले व सुदैवाने विक्रेतेच निघाले, असे ते निरागसपणे कबूल करतात. त्याच शहराच्या पोलिसांनी रॉडनी किंग यास केलेली मारहाण मार्चमध्ये साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली होती. चित्रपटकर्त्यांच्या मनी ती असणे संभवत नाही, तरीही ऊर्जेवरील सगळ्या उपदेशापेक्षा हा एक कबुलीजबाब अधिक झोंबतो. शेवटच्या भाषणातही ड्रेबिनसाहेब शुद्ध हवा आणि स्वच्छ समुद्र मागता मागता, त्याच दमात, दुभाष्याविना खरेदी करता येईल असे दुकान मागतात! निसर्ग हवा, परदेशी शेजारी नको. मतदाराचे असे बिनतोड चित्र गंभीर नाटकांतही क्वचितच आढळते.

तेव्हा पुनर्जन्म लाभल्यास माइनहायमरांना सुखाने बोलू द्यावे, टाळ्यांत सर्वांच्या पुढे असावे, शिफारशींच्या छाननीस समिती नेमवावी आणि बाड दप्तरी दाखल करून घ्यावे. आणि चित्रपटाच्या अखेरीस ठेवलात तसा बॉम्ब तर मुळीच ठेवू नये. ड्रेबिन पळता पळता तारेत अडखळले, त्या बॉम्बचा प्लग निघाला आणि राजधानी वाचली. चित्रपटभर विजेची प्रत्यक्ष बचत काय ती एवढीच झाली.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक तिकीटधारक