डावीकडे चोर्ला, उजवीकडे चिपळूण

देवळाली कॅम्पातल्या माणसानं कुठं जायचं ठरवलं, की निघण्याआधीचे दोन महिने नुसते ठरवण्यात जातात. त्यात आमचा दोष नाही, गावाची परंपराच तशी आहे. गोऱ्या सोल्जरांची हिंदुस्थानातली मुदत संपली, की त्यांना इथल्या छावणीत आणून ठेवत आणि मग ते विलायतेच्या बोटीची वाट बघत बसत. बोटी सुटायच्या थंडीच्या दिवसांत. ज्याची मुदत नेमकी चैत्रात संपली, त्यानं दिवाळीपर्यंत करायचं काय? ऊन, डास आणि दारू. त्यात काहींची डोकी फिरली आणि इंग्रजीला ‘डूलाली’ हा शब्द मिळाला. मूळ प्रयोग ‘डूलाली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. इतर गावांची नावं पेढ्याला लागली, चपलेला लागली, साडीला लागली. आमच्या गावाचं नाव साहेबानं वेडाला लावलं.

आम्हाला जायचं होतं गोव्याला. बोटीची वाट बघायची नव्हती, कारण साडूंची सात जणांची गाडी होती. आम्हीही बरोबर सात होतो: तात्या, म्हणजे आमचे वडील, वय ब्याऐंशी, दादा आणि वहिनी, साडू आणि मेहुणी, मी आणि बायको. आठवा प्रवासी म्हणून साडूंनी लासलगावच्या कांद्यांचं एक पोतं नोंदवलं. ते त्यांच्या आईला द्यायचं होतं. आई चिपळूणला असतात.

इथेच पहिली बैठक फिसकटली.

साडूंचा रस्ता ऐकायला फार सुंदर होता. भगूरवरून पांढुर्ली, पुढं भरवीरला समृद्धीवर चढायचं, इगतपुरीचा आठेक किलोमीटरचा बोगदा, आमण्याला खाली. कसारा घाट लागतच नाही. मग पनवेल, पेण, महाड, कशेडीचा नवा बोगदा, खेड, चिपळूण. हातानं ते अशी सरळ रेघ ओढत, की वाटावं या रस्त्याला वळण माहीतच नाही. दादानं शांतपणे विचारलं, “आणि मुंबई-गोवा महामार्ग झाला का पुरा?” या प्रश्नावर कोकणातला माणूस दुखावतो. चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत गेलेली मुलं आता कॉलेजात बसून या रस्त्यावरचे विनोद एकमेकांना पाठवतात. “बराचसा झालाय,” साडू म्हणाले. या ‘बराचसा’वर आमचा अर्धा तास गेला.

बायकोचं म्हणणं, पुणे-कोल्हापूर-बेळगाव करून चोर्ला घाटानं साखळीला उतरावं. घाट गर्दीचा नाही, जांबोटी-कणकुंबीचं रान बघण्यासारखं, शिवाय कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण नदीच्या उगमाची ही ओढ मला आजवर दिसली नव्हती. पुढच्या वाक्यात ‘बेळगावला तासभर थांबून’ आलं आणि उलगडा झाला. कुंदा आणि साड्या. तासभर म्हणजे किती तास, हे मी विचारलं नाही.

वहिनींना आंबोली. त्यांचं माहेर आजऱ्याचं. आंबोलीची हवा किती छान, हे त्या इतक्या जीव लावून सांगत होत्या, की आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणि भावाचं घर वाटेतच लागतं, ही गोष्ट सांगायची राहून गेली. दादाला कुठलाच घाट नको होता. त्याला तिसऱ्या वळणावर मळमळतं. सह्याद्री न उतरता गोव्याला जाण्याची काही सोय आहे का, हे तो मोबाइलवर शोधत बसला होता.

हे सगळं चाललं होतं आमच्या व्हरांड्यात, आणि मधूनमधून खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. तोफखाना केंद्राचा सराव सुरू असला, की कॅम्पात बोलताना आवाज आपोआप चढतो. पाहुण्यांना वाटतं भांडतायत. त्या दिवशी पाहुण्यांना बरोबर वाटलं असतं.

तात्या एवढा वेळ गप्प होते. मग काठी टेकून म्हणाले, “कुठून जायचं ते जा. गोव्यात शिरायचं पत्रादेवीवरून.”

तात्या १९५५ साली बारा वर्षांचे होते. त्या पंधरा ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, एका दिवसात वीसहून अधिक माणसं गेली. पत्रादेवीला पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनीपाल पडले. ही बातमी शाळेत हेडमास्तरांनी वाचून दाखवली, तेव्हा तात्या वर्गात उभे होते आणि मनानं ते अजून तिथंच उभे आहेत. यावर कुणी काय बोलणार? फक्त साडू हळूच म्हणाले, “पत्रादेवी आमच्याच रस्त्यावर लागते.” वहिनी लगेच म्हणाल्या, “आंबोलीवरूनही सावंतवाडी, बांदा, पत्रादेवीच.” हुतात्म्यांचंसुद्धा आम्ही मतदान करून टाकलं.

त्याच रात्री टेक्सासहून पुतण्याचा फोन. तो सॅन अँटोनिओला असतो. योगायोग असा, की तोही त्याच आठवड्यात मित्रांबरोबर गाडीनं मेक्सिकोत जाणार होता आणि कुठल्या पुलानं जायचं यावर त्यांच्यातही जुंपली होती. सरळ लारेडोतल्या पुलानं गेलं, तर रस्ता जवळचा पण रांग लांब. थोडं वर जाऊन कोलंबिया नावाच्या पुलानं गेलं, तर अंतर जास्त पण गर्दी कमी. “काका, अमेरिकेतला गाडीचा विमा तिकडे चालत नाही. मेक्सिकोचा वेगळा काढावा लागतो. आणि गाडी आत न्यायची, तर परवाना आणि चारशे डॉलर अनामत.”

“अनामत कसली?” बायको.

“गाडी परत बाहेर आणली की पैसे परत देतात.”

बायको विचारात पडली. “ही पद्धत चांगली आहे,” ती म्हणाली. “डब्यांना लावायला पाहिजे.”

तिकडे टोलच्या रस्त्याला ‘क्वोता’ म्हणतात, फुकटच्या रस्त्याला ‘लिब्रे’. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये, असं जो तो सांगतो. रस्त्यात गाडी बंद पडली, तर मदतीला हिरव्या रंगाच्या सरकारी गाड्या फिरतात, त्यांना ‘हिरवे देवदूत’ म्हणतात. आणि गतिरोधकाला म्हणतात ‘टोपे’. आमचे तात्या ताठ बसले. तात्या टोपे मूळचे येवल्याचे, आमच्याच जिल्ह्यातले. येवल्याचा माणूस तिकडेही वाट अडवून आहे, याचं त्यांना मनापासून समाधान वाटलं.

“ती हद्द कधीपासूनची रे?” त्यांनी नातवाला विचारलं.

टेक्सास आधी मेक्सिकोचंच होतं, १८३६ साली फुटून निघालं, आणि युद्ध होऊन १८४८च्या तहात रिओ ग्रांदे नदी ही हद्द ठरली, असं त्यानं सांगितलं. तात्या मान हलवत म्हणाले, “नदीवर भागवलं म्हणायचं. महाजन आयोग नेमला असता, तर अजून कोर्टात असते.”

रस्त्याचा निकाल शेवटी शेजारच्या सुभेदारसाहेबांनी लावला. तीस वर्षं तोफखान्यात काढलेला माणूस. त्यांनी आमच्या टेबलावर नकाशा पसरला, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, “निशाण्याचं सूत्र असतं. पहिला गोळा एका बाजूला पडतो, दुसरा मुद्दाम त्याच्या पलीकडे टाकायचा. निशाण दोघांच्या मधे सापडलं, की अंतर अर्धं करत आणायचं. याला आमच्यात ब्रॅकेट म्हणतात.” मग बोट ठेवत गेले. “हा चिपळूणचा गोळा, फार उजवीकडे. हा चोर्ल्याचा, फार डावीकडे. अर्धा केला, की आंबोली. फायर!”

लष्करी शिस्तीपुढे कुणाचं काही चाललं नाही. सुभेदारसाहेबांनी येण्याआधी वहिनींकडे चहा आणि चार बेसनाचे लाडू घेतले होते, ही माहिती मला दुसऱ्या दिवशी कळली.

नोव्हेंबरात पहाटे चारला निघालो. कांद्याचं पोतं उतरवण्याचा विषय मी काढला, तर साडू म्हणाले, “राहू दे. परतीला चिपळूणवरूनच येऊ.” यावर गाडीत जी शांतता पसरली, ती सिन्नरपर्यंत टिकली. चाकणला काय झालं ते सांगत नाही. ज्यांनी चाकण ओलांडलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना खरं वाटणार नाही. साताऱ्याला कंदी पेढे, कोल्हापुरात मुक्काम.

दुसऱ्या दिवशी कागल सोडलं आणि पुढं कर्नाटकाची पाटी आली. “आलं कर्नाटक,” मी नुसता म्हणालो.

“कुठंय?” तात्या.

“ही काय पाटी.”

“पाटी कुणीही लावतो. निपाणी आपली आहे.”

आमच्या वाटेवर कागदोपत्री तीन हद्दी होत्या. निपाणीच्या अलीकडे महाराष्ट्रातून कर्नाटकात, संकेश्वर सोडून गडहिंग्लजकडे वळलं की परत महाराष्ट्रात, आणि शेवटी पत्रादेवीला गोव्यात. तात्यांच्या हिशेबानं पहिल्या दोन नव्हत्याच, कारण १९५६ची वाटणी त्यांना मान्य नाही. आणि तिसरी १९ डिसेंबर १९६१ला रद्द झाली. थोडक्यात, आम्ही घराबाहेर पडलोच नव्हतो. निपाणीत चहा प्यायला थांबलो, टपरीवाला आमच्यापेक्षा शुद्ध मराठीत बोलला आणि तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ती पाटी मीच रात्रीतून रोवली असावी.

आजऱ्याला ‘पाच मिनिटं’ थांबलो. जेवण झालं. घनसाळाची दोन पोती आली आणि डिकीत कांद्यांना सोबत मिळाली. आंबोलीला धुकं होतं. पुढचं काही दिसत नसल्यामुळे दादाला वळणं दिसली नाहीत आणि आयुष्यात पहिल्यांदा तो घाट कोरडा उतरला. सुभेदारसाहेबांना त्यानं तिथूनच फोन लावला. रेंज नव्हती.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी तात्यांनी चपला काढल्या. काठी माझ्या हातात दिली आणि आधाराशिवाय उभे राहिले, बराच वेळ. हमरस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या, त्यांतून गाणी ऐकू येत होती. साडूंनी आपल्या गाडीतली गाणी आधीच बंद केली होती. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

गोव्यात तीन दिवस होतो. समुद्र होता. मासे बरे होते.

परतीच्या रस्त्याची चर्चा दुसऱ्याच संध्याकाळी वाळूत सुरू झाली होती. बायको चोर्ल्यावर अडून होती, कारण बेळगाव राहिलं होतं. साडूंनी तर आईला फोन करून जेवायला पाच भाकऱ्या जास्त टाकायला सांगितलं होतं. वहिनी फोंडा घाटाचं नाव घेऊ लागल्या होत्या, म्हणजे तिकडेही कुणी नातेवाईक असणार. निर्णय न होताच आम्ही निघालो आणि पुढं एका नाक्यावर गाडी थांबवली. गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांत काय असतं, हे तिथल्या माणसांना पाठ असतं.

“कुठून आलात?”

“देवळालीहून,” तात्या म्हणाले.

“चाललात कुठं?”

“देवळालीला.”

त्यानं वाकून तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डिकी उघडायला सांगितली. पोतं हाताला लागल्यावर त्याचा चेहरा उजळला. दोरी सोडली. आत कांदे.

“गोव्यातून कांदे?”

“छे हो. लासलगावचे आहेत,” साडू घाईनं म्हणाले.

“मग नेताय कुठं?”

“चिपळूणला.”

“नाशिकचे कांदे गोवा दाखवून चिपळूणला?” त्यानं टोपी मागं सरकवली. “म्हणजे चिपळूणवरून जाणार तुम्ही.”

हा प्रश्न नव्हता, तो बिचारा सहज बोलून गेला. पण मागच्या दोन्ही सीटवरून एकदम आवाज उठले. आंबोली, चोर्ला, फोंडा, आणि दादाचं, “कमी वळणांचा कुठला हो, तुम्हाला माहीत असेल?” बायकोनं तर काच खाली करून इथून बेळगावला वळता येईल का, हे त्यालाच विचारलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न धरले होते. त्यानं पोत्याची दोरी स्वतः बांधली, डिकी स्वतः लावली आणि दोन पावलं मागं सरकला.

“जावा,” तो म्हणाला. “कुठूनही जावा.”